मोठ्या कंपन्यांचें बिऱ्हाड



गेल्या महिन्यांत एके दिवशीं संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. वय चाळिशीच्या थोडें पुढें. मुंबईंतील एका मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरींत हिशेबखात्यावर चांगल्या जागीं आहे. पुढें ठेविलेला चहा निवून गेला तरी त्याचें लक्ष नव्हतें. शेवटीं तो म्हणाला, "गुरुजी, आमचें हेड ऑफिस मुंबईहून हलणार. सहा महिन्यांत दुसऱ्या राज्यांत जायचें. यायचें असेल तर या, नाहीं तर हिशेब घ्या, असें सांगतात. मुलगी दहावींत आहे, पत्नीची नोकरी येथें आहे, आईला जिना उतरवत नाहीं. जाऊं कीं राहूं, तें मी घरांत ठरवीन. पण चांगली चाललेली कंपनी आपलें मांडलेलें घर मोडून दुसरीकडे कां जाते, एवढें मला सांगा. पत्रकांत कारणें छापलीं आहेत, तीं मीं दोनदां वाचलीं. समाधान होत नाहीं."

मी कांहीं व्यापारी मनुष्य नव्हे. जन्मभर शाळेंत भूगोल आणि गणित हे दोन विषय शिकविले, एवढेंच काय तें माझें भांडवल. परंतु एखादें गांव कां भरभराटीस आलें, एखादी पेठ कां ओस पडली, हा मूळचा भूगोलाचाच प्रश्न आहे. म्हणून त्या विद्यार्थ्याच्या निमित्तानें मीं जें वाचलें आणि त्यावर जो विचार केला, तो आज आपल्यापुढें मांडण्याचें योजिलें आहे. आपल्यापैकीं अनेकांच्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणारा आहे.

प्रथम मुख्य कचेरी म्हणजे काय, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. कारण कंपनीचें ठिकाण असें आपण म्हणतों तेव्हां तीन निरनिराळ्या वस्तु आपल्या मनांत एकत्र झालेल्या असतात. पहिली वस्तु कारखाना, जेथें माल तयार होतो. दुसरी, कायद्याच्या दप्तरांत नोंदलेली कचेरी, जिच्या पत्त्यावर सरकारी कागद आणि नोटिसा येतात. तिसरी, जेथें मुख्याधिकारी व त्यांचे सल्लागार प्रत्यक्ष बसून निर्णय घेतात ती जागा. ह्या तिन्ही एकाच गांवीं असल्या पाहिजेत असें मुळींच नाहीं. ब्रिटानिया ही बिस्किटांची कंपनी १८९२ सालीं कलकत्त्यांत जन्मली; तिची नोंदणीची कचेरी आजहि तेथेंच आहे, परंतु कारभार बंगळुरांतून चालतो. टाटांचा पोलादाचा कारखाना जमशेदपुरास. पण ती कंपनी १९०७ सालीं मुंबईंत नोंदली गेली, आणि १९२४ सालीं बांधलेलें 'बॉम्बे हाउस' हें टाटांच्या कारभाराचें घर झालें. लोखंडाची माती आणि कोळसा छोटानागपुरांत होता, पैसा मुंबईंत होता. म्हणून भट्टी तेथें आणि तिजोरी येथें, अशी ती वांटणी झाली.

हा भेद नुसता शाब्दिक नाहीं. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें नोंदणीची कचेरी एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत न्यावयाची असेल, तर भागधारकांचा विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी लागते. धनकोंस कळवावें लागतें. आणि ह्या स्थलांतरामुळें एकाहि नोकरास कमी केलें जाणार नाहीं, असें प्रतिज्ञापत्र संचालकांना करून द्यावें लागतें. परंतु हें बंधन नोंदणीच्या कचेरीस आहे. नोंदणीचा पत्ता जागच्या जागीं ठेवून नुसती कामकाजाची कचेरी हलविली, तर तें प्रतिज्ञापत्र करण्याचा प्रसंगच येत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याची कंपनी नेमकें हेंच करीत होती.

आतां कारणांकडे वळूं. पत्रकांत जीं कारणें छापलेलीं असतात, त्यांत कर आणि खर्च हीं बहुधा अग्रभागीं असतात, आणि तीं खोटीं नसतात. आपल्याकडे कंपनीच्या नफ्यावरील आयकर केंद्र सरकारचा आहे. मुंबईंत बसा कीं कोइमतुरास बसा, दर तोच. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथील घटक राज्यांना आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत 'संस्थानें' म्हणत, आणि कराच्या बाबतींत तीं खरोखरच संस्थानांसारखीं स्वतंत्र वागतात. कॅलिफोर्नियांत अगदीं वरच्या वैयक्तिक उत्पन्नावर शेंकडा १३.३ पर्यंत राज्याचा कर पडतो. टेक्सासांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा करच नाहीं. घरांच्या किंमतींतहि तसेंच अंतर आहे. टेस्ला ह्या मोटारींच्या कंपनीनें २०२१ च्या डिसेंबरांत आपली मुख्य कचेरी कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथून टेक्सासांतील ऑस्टिन येथें नेली, आणि शेव्हरॉन ह्या तेलाच्या कंपनीनें ह्यूस्टनला जाण्याचें २०२४ सालीं जाहीर केलें. त्या वाटेनें अनेक कंपन्या गेल्या आहेत.

परंतु त्याच वाटेनें गेलेल्या टोयोटाचें उदाहरण पाहिलें म्हणजे नुसत्या करानें सगळा उलगडा होत नाहीं हें कळतें. ह्या जपानी कंपनीच्या अमेरिकेंतील कचेऱ्या विखुरलेल्या होत्या. विक्रीचें खातें कॅलिफोर्नियांत टॉरन्स येथें, कारखान्यांचा कारभार केंटकींत अर्लँगर येथें, आणखी कांहीं मंडळी न्यूयॉर्कांत. विकणारा आणि करणारा ह्यांची गांठ पडण्यास विमानांतून जावें लागे. २०१४ सालीं कंपनीनें ह्या सर्वांना टेक्सासांत प्लेनो येथें एका आवारांत आणण्याचें ठरविलें, आणि २०१७ सालीं सुमारें चार हजार माणसांची ती कचेरी सुरू झाली. टेक्सासनें चार कोटि डॉलर देऊं केले, ही गोष्ट खरी. परंतु विस्कटलेलें घर एका छपराखालीं आणणें हा तेथील मुख्य हेतु होता.

हे जे चार कोटि डॉलर, त्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोठी कंपनी जागा शोधूं लागली कीं गांवोगांवचे अधिकारी हातांत ताट घेऊन उभे राहतात. २०१७ सालीं अ‍ॅमेझॉन कंपनीनें दुसऱ्या मुख्य कचेरीसाठीं गांवांकडून मागणीपत्रें मागविलीं, तेव्हां २३८ ठिकाणांहून तीं आलीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियांतील आर्लिंग्टन ह्या दोन जागा ठरल्या. न्यूयॉर्कनें राज्य व नगर मिळून सुमारें तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊं केल्या होत्या. त्यावर तेथील लोकांत एवढा गवगवा झाला कीं तीन महिन्यांतच कंपनीनें न्यूयॉर्कचा विचार सोडून दिला. एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. ज्या गांवाला जायचें हें मनांत आधींच ठरलेलें असतें, त्या गांवाकडूनहि कंपनी सवलत मागूं शकते. कारण इतर गांवें स्पर्धेंत उभीं असतात. म्हणून सवलत मिळाली एवढ्यावरून सवलतीसाठींच कंपनी गेली, असें अनुमान काढतां येत नाहीं.

असा आश्रय नेहमींच वाईट असतो असेंहि नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगांवची जागा नगरपालिकेनें सोडावयास लावली, तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं त्यांना कुंडलजवळ माळरान आणि कर्जाऊ रक्कम दिली. १९१० सालीं त्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ब्रिटिश मुलुखांतून संस्थानी मुलुखांत गेलेला हा उद्योग सवलतीवरच उभा राहिला. पण तेथें देणारा राजा आपल्या मुलुखांत उद्योग यावा म्हणून झटत होता, आणि घेणारा मालक स्वतः त्या माळावर कामगारांच्या शेजारीं राहावयास गेला. ह्या शेवटल्या गोष्टीकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

कर, खर्च आणि सवलत ह्यांशिवाय आणखी एक कारण असतें, तें मात्र कोणत्याहि पत्रकांत छापलेलें नसतें. विल्यम एच्. व्हाइट ह्या अमेरिकन लेखकानें शहरांविषयींच्या आपल्या १९८८ सालच्या पुस्तकांत एक साधा हिशेब दिला आहे. नोकरांचें जीवन अधिक सुखाचें व्हावें म्हणून न्यूयॉर्क शहर सोडीत आहों, असें सांगणाऱ्या ३८ कंपन्या त्यानें घेतल्या आणि त्या कोठें गेल्या तें पाहिलें. त्यांपैकीं ३१ कंपन्या आपल्या मुख्याधिकाऱ्याच्या घराजवळ गेल्या होत्या. घरापासून नव्या कचेरीचें सरासरी अंतर सुमारें आठ मैल! मला हें वाचून हंसूं आलें; पण त्यांत एक धडाहि आहे. कंपनी काय बोलते तें ऐकावें, पण ती कोणाच्या शेजारीं जाऊन बसते तें नकाशावर पाहावें. नकाशा सहसा खोटें बोलत नाहीं.

हाच नकाशा हातांत घेऊन आपण आतां एका कंपनीच्या मागून जाऊं. तिनें वीस-बावीस वर्षांत दोनदां बिऱ्हाड हलविलें. ती म्हणजे विमानें बांधणारी बोइंग कंपनी.

विल्यम बोइंग ह्या लांकडाच्या व्यापाऱ्यानें १९१६ सालीं अमेरिकेच्या वायव्य टोंकास, वॉशिंग्टन राज्यांतील सिअ‍ॅटल येथें ही कंपनी स्थापन केली. पुढें ८५ वर्षें तिची मुख्य कचेरी त्याच शहरांत राहिली, आणि तिचे प्रवासी विमानांचे मोठे कारखाने रेंटन व एव्हरेट येथें त्याच्या आसपासच उभे राहिले. संचालकांच्या खोलींत झालेला निर्णय संध्याकाळपर्यंत कारखान्यांत कळे, आणि कारखान्यांतील अडचण तितक्याच लवकर वर जाई. पुढें १९९७ सालीं कंपनीनें सेंट लुईस येथील मॅक्डॉनेल डग्लस ही दुसरी मोठी विमान कंपनी आपल्यांत मिळवून घेतली. लष्करी विमानें सेंट लुईसला, उपग्रह कॅलिफोर्नियांत, प्रवासी विमानें सिअ‍ॅटलला, असा तिचा संसार वाढला. २००० सालीं सिअ‍ॅटल येथील तिच्या इंजिनियरांनीं व तंत्रज्ञांनीं ४० दिवसांचा संप केला.

पुढल्याच वर्षीं, २००१ च्या मार्चांत, मुख्याधिकारी फिल काँडिट ह्यांनीं मुख्य कचेरी सिअ‍ॅटल सोडणार असल्याचें जाहीर केलें. शिकागो, डॅलस आणि डेन्व्हर अशीं तीन शहरें उमेदवार ठरलीं आणि तिघांनींहि सवलतींचीं ताटें पुढें केलीं. १० मे रोजीं काँडिट विमानांत बसले, तेव्हां तिन्ही शहरांचे मार्ग नोंदून ठेविले होते. विमान आकाशांत गेल्यावरच तें शिकागोस चाललें आहे हें लोकांना कळलें. शिकागोच्या बाजूनें राज्य व नगर मिळून वीस वर्षांत सुमारें सहा कोटि डॉलरच्या घरांतील सवलती होत्या. सप्टेंबरांत कचेरी हलली. किती माणसें गेलीं? सुमारें पांचशें. सिअ‍ॅटलच्या परिसरांत मागें राहिलेले कामगार व इंजिनियर सत्तर हजारांहून अधिक होते.

येथें करानें उलगडा होतो काय, तें पाहूं. वॉशिंग्टन राज्यांत त्या वेळीं वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नव्हता. शिकागो ज्या इलिनॉय राज्यांत आहे तेथें तो होता. म्हणजे अधिकारी मंडळी कर नसलेल्या गांवाहून कर असलेल्या गांवीं गेली. मग कारण काय? तें काँडिट ह्यांनीं स्वतःच सांगितलें. मुख्य कचेरी एका कारखान्याच्या शेजारीं असली म्हणजे ती त्याच्या रोजच्या कामांत ओढली जाते. साऱ्या धंद्यांकडे सारख्याच दृष्टीनें पाहतां यावें म्हणून ती सर्वांपासून दूर असावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शिकागोस बोइंगचा विमानांचा एकहि कारखाना नव्हता. तोच त्या शहराचा गुण ठरला.

हा युक्तिवाद अगदींच पोकळ आहे असें मी म्हणणार नाहीं. शाळेंतील मुख्याध्यापकाची खोली पांचवीच्या वर्गाला लागून असली, तर दिवसभर तो पांचवीचाच मुख्याध्यापक होऊन बसतो. दूर राहिल्यानें दृष्टि व्यापक होते, हें खरें. टाटांचें पोलाद मुंबईंतील कचेरींतून चालविलें गेलें, म्हणून कांहीं तें वाईट झालें नाहीं. परंतु व्हरांड्यांतून रोज एक फेरी मारणारा मुख्याध्यापक आणि १७०० मैलांवरून अहवाल वाचणारा मुख्याध्यापक ह्यांत फरक आहे. अहवालांत जें लिहिलेलें असतें तेवढेंच दुसऱ्याला कळतें; आणि वरिष्ठास अप्रिय अशी गोष्ट अहवालांत सहसा लिहिली जात नाहीं. ती जिन्यांत, जेवणाच्या वेळीं, कामाच्या ओघांत बोलली जाते. जिनाच निराळा झाला तर ती कोठें बोलावयाची?

पुढें काय घडलें तें आपणांस ठाऊक आहे. २०१८ च्या ऑक्टोबरांत इंडोनेशियांत आणि २०१९ च्या मार्चांत इथिओपियांत बोइंगचीं ७३७ मॅक्स जातीचीं दोन नवीं विमानें कोसळलीं आणि ३४६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमानाचें नाक आपोआप खालीं दाबणारी एक योजना त्या विमानांत होती. एकाच मापकानें चुकीचें माप दिलें तरी ती चालू होई, आणि वैमानिकांच्या पुस्तिकेंत तिचा उल्लेखहि नव्हता. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीनें २०२० सालीं जो अहवाल दिला, त्यांत विमानाच्या रचनेंतील दोषांबरोबरच व्यवस्थापकांनीं माहिती दडविल्याचा आणि सरकारी देखरेख ढिली पडल्याचा ठपका ठेविला. २०२४ च्या जानेवारींत त्याच जातीच्या एका नव्या विमानाच्या भिंतीचा एक तुकडा उड्डाणानंतर थोड्याच वेळांत निखळून पडला. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. चार बोल्ट बसविलेच गेले नव्हते, असें चौकशींत आढळलें.

ह्या अपघातांचा दोष कचेरीच्या स्थलांतरावर टाकणें अन्यायाचें होईल, आणि मी तसें म्हणत नाहीं. प्रतिस्पर्ध्याची भीति, खर्च कमी करण्याची घाई, परीक्षकांची ढिलाई, अशीं अनेक कारणें तेथें एकत्र आलीं होतीं. ज्यांना हीं विमानें बांधण्याची घाई झाली होती, ते शिकागोंत बसले असते काय किंवा सिअ‍ॅटलला बसले असते काय, घाई तीच राहिली असती, असेंहि कोणी म्हणेल. तरीपण कारखान्याच्या रोजच्या कामांत आपण ओढले जाऊं नये, ह्या हेतूनें जी कचेरी दूर गेली, तिला पुढें कारखान्यांत काय चाललें आहे हें वेळेवर कळलें नाहीं, तर त्यांत नवल कसलें? मागितलें तेंच पदरांत पडलें.

आतां ह्या कंपनीचें तिसरें बिऱ्हाड पाहा. २०२२ च्या मे महिन्यांत तिनें शिकागोहि सोडीत असल्याचें जाहीर केलें. आतां तरी ती सिअ‍ॅटलला परत गेली काय? नाहीं. ती गेली व्हर्जिनियांतील आर्लिंग्टनला. तेथें अमेरिकेचें लष्करी मुख्यालय पेंटॅगॉन आहे, आणि पोटोमॅक नदी ओलांडली कीं राजधानी. विमानांना उड्डाणाचा परवाना देणारें खातें तेथलें, लढाऊ विमानें विकत घेणारें खातेंहि तेथलें. बोइंगच्या आधीं जनरल डायनॅमिक्स सेंट लुईसहून आणि नॉर्थ्रॉप ग्रमन लॉस एंजेलिसहून ह्याच परिसरांत आल्या होत्या; बोइंगच्या पाठोपाठ सुमारें महिन्याभरानें रेथिऑननेंहि मॅसॅच्युसेट्स सोडून आर्लिंग्टनला येत असल्याचें जाहीर केलें. शस्त्रें आणि विमानें करणाऱ्या एवढ्या कंपन्या एकाच नदीकांठीं गोळा झाल्या, त्या तेथील हवा चांगली म्हणून नव्हे. सर्वांत मोठें गिऱ्हाईक तेथें राहतें म्हणून.

एकाच कंपनीचीं हीं तीन बिऱ्हाडें. पहिलें कारागिराच्या शेजारीं, दुसरें सर्वांपासून अलिप्त अशा व्यापारी शहरांत, तिसरें सरकारच्या दारीं. शंभर वर्षांत त्या कंपनीला आपलें मुख्य काम काय वाटत गेलें, तें ह्या तीन पत्त्यांवरून वाचतां येतें. २०२४ सालीं केली ऑर्टबर्ग हे नवे मुख्याधिकारी आले, आणि त्यांनीं आपलें राहणें मात्र सिअ‍ॅटलला ठेवण्याचें ठरविलें. कचेरी आर्लिंग्टनला असतां कारभारी कारखान्याच्या गांवीं राहावयास जातो, ह्याचा अर्थ काय तो आपणच काढावा.

आपल्या देशांतहि हा नियम दिसतो. रिझर्व्ह बँकेची मध्यवर्ती कचेरी प्रथम कलकत्त्यांत होती; १९३७ सालीं ती कायमची मुंबईस आली, पैशाच्या बाजाराजवळ. एअर इंडियाची मुख्य कचेरी २०१३ सालीं मुंबईहून दिल्लीस गेली. त्या वेळीं तिचा मालक दिल्लींत बसलेला होता. मुंबईचें एका वेळीं कमावलें, दुसऱ्या वेळीं गमावलें. पण दोन्ही वेळां कारण एकच.

कचेरी गेली कीं गांवाचें काय जातें? नोकऱ्यांच्या आंकड्यानें पाहिलें तर फार थोडें. सिअ‍ॅटलमधून पांचशेंच माणसें गेलीं. परंतु ज्या गांवांत निर्णय घेणारीं माणसें राहतात, तेथें त्यांचीं मुलें शाळेंत जातात, तीं माणसें रस्त्यावर भेटतात, आणि एखादा कारखाना बंद करण्याच्या कागदावर सही करतांना त्यांच्या डोळ्यांपुढें चेहरे येतात. दूर गेल्यावर आंकडे येतात. माझ्या मतें गांवाची खरी हानि ती हीच.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हें सारें सांगितलें नाहीं. तेवढा त्याला वेळहि नव्हता. मीं कपाटांतून नकाशा काढला आणि म्हटलें, "अरे, पत्रक बाजूला ठेव. तुमची कचेरी कोणाच्या शेजारीं जाते आहे, तेवढें मला दाखव. तेथें तुमचा कारखाना आहे काय? मोठें गिऱ्हाईक आहे काय? पैसे देणारा आहे काय?" तो बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कारखाना नाहीं, गुरुजी. गिऱ्हाईकहि नाहीं. दोन वर्षांपूर्वीं ज्यांनीं आमची कंपनी विकत घेतली, त्यांची मूळ कचेरी तेथें आहे."

"मग कारण तुला कळलें," मीं म्हटलें. "आतां तुझा स्वतःचा प्रश्न निराळा झाला. मालकाच्या दारीं मालकाचीं स्वतःचीं माणसें आधींच बसलेलीं असतात. एका कामाला दोन हिशेबनीस झाले तर दोघेहि राहतील काय, आणि तुझ्या जागेची हमी किती दिवसांची, हें लेखी मागून घे. घर मोडण्यापूर्वीं एवढें विचारण्याचा तुला अधिकार आहे."

परवां त्याचा निरोप आला. दोन वर्षांची हमी त्यानें लेखी घेतली आहे. तो एकटा जाणार आहे. मुलीची परीक्षा होईपर्यंत बिऱ्हाड येथेंच राहील. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें, आणि मोठ्या कंपनीचेंहि पांचशें माणसांत उचलतां येतें. माणसाचें मात्र तसें नसतें. त्याच्या बिऱ्हाडांत आईचा जिना असतो, मुलीची शाळा असते. म्हणून कंपनी हलते तेव्हां तिच्याबरोबर धांवण्यापूर्वीं, ती कोणाकडे धांवते आहे हें प्रत्येकानें एकदां नकाशावर पाहून घ्यावें, एवढेंच आपणां सर्वांस सांगून मी आपली रजा घेतों.